नव्या सोसायटीतलं पार्किंग: रंगाचे पट्टे मारण्याआधी करायची कामं

नव्या गृहप्रकल्पात पहिली तीस-चाळीस कुटुंबं राहायला येतात तेव्हा पार्किंगचा प्रश्नच नसतो. जागा मोकळी असते, जो तो लिफ्टजवळ गाडी लावतो. सहा-आठ महिन्यांत दोनशे कुटुंबं होतात आणि तोवर लिफ्टजवळची जागा 'आपली' झालेली असते. ती जागा करारात दुसऱ्याच कुणाला तरी दिलेली असली की भांडण ठरलेलं.

बहुतेक सोसायट्या अशा वेळी सगळ्यात आधी रंगारी बोलावतात, पट्टे मारतात, नंबर टाकतात आणि मग कोणता नंबर कुणाचा यावर वाद घालत बसतात. म्हणजे आधी कळस, मग पाया. खरा क्रम कागद, मोजणी, गाड्यांची यादी, सभेचा ठराव, सोडत आणि शेवटी रंग असा आहे. या क्रमाने गेलं की तीन-चार महिने लागतात. उलट्या क्रमाने गेलं तर भांडण वर्षानुवर्षं भिजत पडतं.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या, रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी असलेल्या प्रकल्पांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. तुमच्याकडे संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असेल, आणि पुण्यात तशा बऱ्याच आहेत, तर आधी नोंदणी केलेलं घोषणापत्र म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन काढून वाचा. कोणती जागा कोणत्या फ्लॅटला जोडली आहे हे त्यात लिहिलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर सभेला ते मनाने बदलता येत नाही.

पायरी पहिली: कागद

तीन गोष्टी गोळा करायच्या आहेत.

एक, मंजूर नकाशा. जाहिरातीच्या पुस्तिकेतला रंगीत नकाशा नव्हे. महापालिकेचा किंवा पीएमआरडीएसारख्या प्राधिकरणाचा शिक्का असलेला, पार्किंगचा प्रत्येक चौकोन दाखवणारा नकाशा हवा, आणि तोही शेवटचा सुधारित. बांधकाम चालू असताना नकाशे दोन-तीनदा सुधारून घेतलेले असतात, त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा नकाशा कोणता हे तारखेवरून तपासा. रेरा कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, स्थानिक कायद्यात वेगळी मुदत नसेल तर, इमारत पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर ३० दिवसांत बिल्डरने कागदपत्रं आणि नकाशे संस्थेकडे सोपवायचे असतात. तो देत नसेल तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बघा. तिथेही नसेल तर पालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज आणि ३० दिवसांची वाट, एवढंच काम आहे.

दोन, प्रत्येक सभासदाच्या विक्री करारातलं पार्किंगचं पान. आख्खा करार मागू नका, लोक किमतीचा आकडा दाखवायला बिचकतात. नोंदणी क्रमांक असलेलं पहिलं पान आणि पार्किंगचा परिच्छेद किंवा परिशिष्ट, एवढंच मागा.

तीन, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला आणि त्यासोबतचा नकाशा. अग्निशमन गाडीचा रस्ता कुठून कुठे मोकळा ठेवायचा हे त्यात दाखवलेलं असतं. उंच इमारतींना हा रस्ता सहसा ६ मीटरचा असतो. त्यावर कुणालाही जागा देता येत नाही, सभेने एकमताने ठराव केला तरी नाही.

आता जागांची विभागणी करायची. गॅरेज म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. आच्छादित पार्किंग म्हणजे स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली जागा), पोडियम (इमारतींखालचा सामाईक पार्किंगचा मजला), बेसमेंट किंवा यांत्रिक पार्किंगमधली जागा. आणि उघडं पार्किंग म्हणजे आकाशाखालची जागा. इथेच सगळं पाणी मुरतं.

रेरा कायद्याने उघडी पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रात धरली आहे. बिल्डरला ती विकता येत नाही. महारेराने ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकात हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. गॅरेज आणि आच्छादित जागा पैसे घेऊन देता येतात, पण तिचा प्रकार, आकार आणि नेमकं ठिकाण करारात लिहावं लागतं. २०२४ मध्ये महारेराने यासाठी वेगळं परिशिष्टच ठरवून दिलं, त्यात लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं स्थान नोंदवायचं असतं. त्याआधीच्या करारांत मात्र 'एक कव्हर्ड कार पार्किंग' एवढंच वाक्य सर्रास सापडतं, नंबर नाही, नकाशा नाही. अशा सभासदाला आच्छादित जागेचा हक्क आहे, पण अमुक एका चौकोनाचा नाही. हा फरक सभेत शांतपणे समजावून सांगावा लागतो.

रेरापूर्वीच्या इमारतींसाठी सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑगस्ट २०१० चा पांचाली सोसायटीचा निकाल आहे. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्याखाली बिल्डरला स्टिल्टमधली जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. हा निकाल दाखवून नव्या प्रकल्पात कुणाचं करारातलं आच्छादित पार्किंग काढून घ्यायला जाऊ नका. दोन्ही ठिकाणचा कायदा वेगळा आहे.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे बिल्डरच्या लेटरहेडवरचं पत्र. 'ओपन पार्किंग क्र. ४७ आपणास देण्यात येत आहे', खाली सही, आणि त्यासाठी दोन-तीन लाख मोजलेले. या पत्राने उघड्या जागेवर मालकी मिळत नाही. पण त्या माणसाचे पैसे खरोखर गेलेले असतात. त्याला सभेत चोर ठरवू नका, फसवणूक त्याची झाली आहे. त्याची मागणी बिल्डरकडे आहे हे त्याला लेखी कळवा, आणि महारेराकडे तक्रार करायची असेल तर नकाशाची प्रत आणि समितीचं पत्र देऊन मदत करा. सोडतीत त्याला इतरांसारखीच संधी मिळेल हेही त्याच पत्रात लिहा.

शेवटी एक तक्ता करा: जागेचा नंबर, मजला, प्रकार, मंजूर नकाशात आहे की नाही, कोणाच्या करारात आहे. मग बेरीज करा. करारांत दिलेल्या आच्छादित जागा नकाशातल्या जागांपेक्षा जास्त भरल्या तर एकच जागा दोघांना दिलेली आहे, किंवा नकाशात नसलेली जागा विकलेली आहे. हा घोळ समितीने आपल्या अंगावर घेऊ नये. तो बिल्डरने निस्तरायचा आहे, आणि तसं लेखी पत्र लगेच जायला हवं.

पायरी दुसरी: मोजणी

३० मीटरची टेप, खडू, सूत मारायला निळीची दोरी आणि नकाशाची मोठी छापील प्रत. तीन माणसं लागतात, दोन टेप धरायला आणि एक लिहायला. रविवारी सकाळी करू नका, सगळ्या गाड्या जागेवर असतात. कामाच्या दिवशी अकरा वाजता जागा रिकाम्या असतात.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत चारचाकीची जागा २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीची १ बाय २ मीटर धरली आहे. मुंबईच्या नियमावलीत छोट्या गाडीसाठी २.३ बाय ४.५ मीटरचाही चौकोन आहे. कागदावर हे सुटसुटीत दिसतं, जागेवर खांब येतात. दोन खांबांमध्ये मोकळे ७.५ मीटर असतील तर तीन गाड्या बसतात. नकाशातलं अंतर खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत असेल आणि खांब ६० सेंटिमीटरचा असेल तर मोकळे ६.९ मीटरच उरतात. प्रत्येक गाडीला २.३ मीटर. क्रेटासारखी गाडी आरसे सोडून १.७९ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मीटर उरला तर ड्रायव्हर खांबाच्या बाजूने उतरू शकत नाही, मग तो गाडी शेजाऱ्याकडे सरकवून लावतो. शेजाऱ्याला वाटतं मुद्दाम केलं. दाराला पडलेल्या पोच्यांची निम्मी भांडणं अशा खांबाजवळच्या जागांवरून होतात. म्हणून टेप नेहमी खांबाच्या कडेपासून कडेपर्यंत धरा आणि मोकळी रुंदी लिहा.

प्रत्येक जागेवर या गोष्टी पाहून तक्त्यात शेरा मारा:

– समोरची फिरायची जागा. काटकोनात गाडी लावायला साधारण ६ मीटर असली की एका वळणात गाडी आत जाते. ५ मीटरच्या खाली तीन-चारदा पुढे-मागे करावं लागतं.
– वरची उंची. तुळई, स्प्रिंकलरचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप यांतला सर्वांत खालचा बिंदू मोजा.
– ड्रेनेजच्या पाइपच्या सांध्याखालची जागा. गळती झाली की त्या थेंबांनी गाडीचा रंग जातो आणि भरपाईची मागणी सोसायटीकडे येते.
– मीटर रूम, डीजी (जनरेटर), फायर हायड्रंट आणि पंपरूमचं दार पूर्ण उघडतं का.
– जमिनीखालच्या टाकीचं झाकण. पुण्याकडच्या वाकड, रावेत, वाघोलीसारख्या भागांत टँकर रोजचा असतो. झाकणावर गाडी उभी असली तर पाइप टाकता येत नाही, आणि टँकर वळायला जागा नसली तर तो निघून जातो. टँकरवाल्याला एकदा रिकाम्या वाटेने आत आणून त्याची चाकं कुठून जातात ते खडूने आखून घ्या. ही रेघ नकाशापेक्षा जास्त कामाची असते.

एकामागे एक लागणाऱ्या दोन जागा, म्हणजे पुढची गाडी काढल्याशिवाय मागची निघत नाही अशा, एकाच फ्लॅटला द्यायच्या. दोन वेगळ्या कुटुंबांना दिल्या तर सकाळी सातला रोज इंटरकॉम वाजेल.

दुचाकींसाठी एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. कारची जागा ५ मीटरच्या लांब बाजूने उघडी असेल तर तिथे पाच दुचाकी ओळीत राहतात. फक्त २.५ मीटरच्या बाजूने वाट असेल तर दोनच. त्यामुळे कोपऱ्यातल्या, गाडीला अडचणीच्या पण लांब बाजूने मोकळ्या असलेल्या जागा दुचाकींना द्या.

पायरी तिसरी: गाड्यांची यादी

साधा एक पानी अर्ज: फ्लॅट नंबर, मालक की भाडेकरू, प्रत्येक गाडीचा नंबर आणि मॉडेल, चारचाकी की दुचाकी, विजेवर चालणारी आहे का, घरात चालायला त्रास असलेली व्यक्ती आहे का. सोबत आरसी बुकाची प्रत. आरसी घ्याच, कारण नातेवाइकाची किंवा कंपनीची गाडी आत कायमची उभी असणं ही नेहमीची तक्रार असते. कंपनीची गाडी चालते, पण कंपनीचं पत्र लावा.

भाडेकरूंना वेगळं काढू नका. मालकाची जागा भाडेकरू वापरतो, मालकाने तसं लेखी कळवलं की झालं. एक फ्लॅट, एक हक्क. मालकाने जागा एकाला आणि फ्लॅट दुसऱ्याला भाड्याने देणं मात्र नियमात स्पष्टपणे बंद करा.

पायरी चौथी: सभा आणि ठराव

पार्किंगचं धोरण ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. समितीने व्हॉट्सअॅपवर मतदान घेऊन ठरवलेले नियम पहिल्या तक्रारीतच कोसळतात. विशेष सभेसाठी पूर्ण ५ दिवसांची आणि वार्षिक सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. गणपूर्ती दोन-तृतीयांश सभासद किंवा २०, यांतली कमी असेल ती संख्या. विषयपत्रिकेत 'पार्किंग धोरण मंजूर करणे' असं स्वतंत्र लिहा आणि धोरणाचा मसुदा नोटिशीसोबत वाटा. ऐनवेळच्या विषयात हे घेऊ नका.

संस्था अजून नोंदलेली नसेल तर हंगामी समितीला हे अधिकार नसतात. तरी गाड्या तर रोज लावायच्याच आहेत. अशा वेळी बिल्डरचा व्यवस्थापक आणि रहिवासी मिळून तात्पुरती व्यवस्था लिहून काढा आणि त्यात एक वाक्य न विसरता घाला: 'ही व्यवस्था संस्था स्थापन होईपर्यंतची असून यातून कोणाचाही कोणत्याही जागेवर हक्क निर्माण होत नाही.' पुढे हे एक वाक्य फार उपयोगी पडतं.

आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, पार्किंगचा भाग ७८व्या उपविधीपासून सुरू होतो. गाभा असा: सभासदाला साधारणपणे एकच जागा. सगळ्यांना देऊन जागा उरल्या तरच दुसरी, तीही वर्षावर्षाच्या बोलीवर, आणि जागा नसलेल्या सभासदाने मागितली की ती सोडायची. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर सोडत. संस्थेने दिलेली जागा सभासदाला विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. तुमच्या संस्थेने नोंदवलेली उपविधींची प्रत काढून हे मुद्दे तिच्याशी ताडून बघा.

ठरावात आणखी काय हवं: पाहुण्यांच्या जागा कोणत्या आणि तिथे जास्तीत जास्त किती तास गाडी ठेवता येईल, रात्रीच्या मुक्कामाला काय करायचं, उघड्या जागेचं मासिक शुल्क किती, दुसऱ्या गाडीचं किती, जागेवर कपाट-सायकली-जुनं सामान ठेवायचं नाही, महिनोन्महिने न हललेल्या गाडीचं काय. दुसऱ्या गाडीचा दर पहिल्यापेक्षा जास्त ठेवला तर पडून असलेल्या गाड्या आपोआप कमी होतात. दर मात्र मालक आणि भाडेकरू दोघांना सारखाच ठेवा.

पायरी पाचवी: सोडत

करारातल्या आच्छादित जागा आधी बाजूला काढा, त्या सोडतीत येत नाहीत. पाहुण्यांच्या जागाही वेगळ्या काढा. चालायला त्रास असलेल्या व्यक्तींच्या घरांना लिफ्टजवळच्या जागा सोडतीआधीच द्या आणि तसं सभेत मंजूर करून घ्या.

उरलेल्या जागांचे दोन गट करा: पूर्ण मापाच्या आणि आखूड किंवा अरुंद. ४ मीटरच्या आतल्या गाड्यांची सोडत आखूड जागांमधून, मोठ्या गाड्यांची पूर्ण मापाच्या जागांमधून. एकाच डब्यातून चिठ्ठ्या काढल्या तर पावणेपाच मीटरच्या इनोव्हाला साडेचार मीटरची जागा येते आणि तिचं नाक वर्षभर रस्त्यात राहतं.

प्रत्येक गटासाठी दोन डबे ठेवा, एकात फ्लॅट नंबर, दुसऱ्यात जागेचे नंबर. दोन्हींतून एकेक चिठ्ठी, लहान मुलाच्या हातून. टाकण्याआधी चिठ्ठ्या मोजून दाखवा, सगळं मोबाइलवर चित्रित करा, निकाल तिथेच फळ्यावर लिहा, आणि उपस्थितांच्या सह्या घेऊन इतिवृत्ताला जोडा. गैरहजर सभासदाची चिठ्ठी अध्यक्षांनी काढावी. निकालानंतर दोघांना आपसात जागा बदलायची असेल तर १५ दिवसांत संयुक्त अर्ज, त्यानंतर पुढच्या सोडतीपर्यंत नाही.

पायरी सहावी: रंग

आता रंगारी बोलवा. पट्टा १० सेंटिमीटर रुंद. साधं ऑइलपेंट नको, रस्त्यावर वापरतात तो रोड मार्किंग पेंट घ्या. शेजारच्या जागांचा पट्टा सामाईक धरला तर शंभर जागांना दोन हातांत साधारण २० लिटर लागतो. फरशी धुऊन पूर्ण वाळू द्या. बेसमेंटमध्ये ओल असताना मारलेला रंग महिन्याभरात पापुद्र्यासारखा निघतो. पेव्हर ब्लॉकवर रंग एक पावसाळाही धड टिकत नाही. तिथे पट्ट्याच्या जागी वेगळ्या रंगाच्या ब्लॉकची ओळ बसवून घ्या.

नंबर जमिनीवर आणि समोरच्या भिंतीवर किंवा तुळईवर, दोन्हीकडे लिहा. जमिनीवरचा नंबर गाडीखाली झाकला जातो आणि नवा वॉचमन गोंधळतो. जागेच्या नंबरऐवजी फ्लॅट नंबर लिहायची चूक करू नका, पुढच्या सोडतीला सगळं पुन्हा रंगवावं लागेल. अग्निशमन आणि टँकरच्या वाटेवर पिवळ्या तिरप्या रेघा मारा.

पायरी सातवी: रोजची अंमलबजावणी

फाटकावर एक वही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कुठल्या जागेवर उभी होती, कुणाला कळवलं. ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे नोटीस नव्हे. पहिल्या वेळी इंटरकॉम, दुसऱ्या वेळी सचिवांच्या सहीचं पत्र, तिसऱ्या वेळी खुलासा मागवून मग सभेने ठरवलेला दंड बिलात. दंडाची मर्यादा उपविधीत असते, तिच्यापुढे जाऊ नका. वॉचमनला सभासदाशी वाद घालायला पुढे करू नका. त्याची नोकरी जाते आणि नियम तसाच मोडत राहतो.

तुमच्या जागेवर दुसऱ्याची गाडी दिसली तर फाटकावर फोन करा, वेळ दिसेल असा फोटो काढा, आपली गाडी पाहुण्यांच्या जागेत लावा आणि वहीत तशी नोंद करायला सांगा. तिच्या मागे गाडी आडवी लावू नका, मग नियम मोडणारे दोघं होतात. हवा सोडणं, ओरखडा काढणं हा तर गुन्हाच आहे, आणि मूळ तक्रार बाजूला राहून पोलीस ठाण्यात तुम्हीच उत्तर देत बसता. चाकाला क्लॅम्प लावायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी अडकलेली असली तर जबाबदारी समितीवर येते.

वाद मिटतच नसेल तर कुठे जायचं हे वाद कुणाशी आहे त्यावर ठरतं. बिल्डरने जागा दिली नाही किंवा उघडी जागा विकली तर महारेरा. सभासद आणि संस्था यांच्यातला वाटपाचा वाद सहकार न्यायालयात, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली. समिती सभाच बोलवत नसेल किंवा कागद दाखवत नसेल तर सहकार खात्याचे उपनिबंधक. एक-पंचमांश सभासदांनी सह्या करून विशेष सभेची मागणी केली तर समितीला ती बोलवावी लागते, आणि बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मारहाण, धमकी, तोडफोड असेल तर ११२.

यांत्रिक पार्किंग आणि चार्जिंग

स्टॅक किंवा पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली किंवा बाजूला सरकवून ठेवायची सोय, असेल तर यंत्रावरची पाटी वाचा, त्यावर कमाल उंची आणि वजन लिहिलेलं असतं. सेडानसाठीच्या पॅलेटवरची, म्हणजे गाडी उभी राहते त्या पत्र्याच्या ओट्यावरची, मोकळी उंची बऱ्याच यंत्रांत १५५० मिलिमीटरच्या आसपास असते. वॅगन-आर छोटी गाडी समजली जाते, पण तिची उंची १६७५ मिलिमीटर आहे, ती अशा पॅलेटवर जात नाही. म्हणून इथे वाटप गाडीच्या उंचीवरून करा, लांबीवरून नाही. खड्ड्यातल्या पॅलेटसाठी पाणी उपसणारा पंप पावसाळ्याआधी चालवून बघा आणि यंत्राला जनरेटरची जोडणी आहे का तेही तपासा. वीज गेल्यावर अडकलेली गाडी ही पहिल्या पावसातली हमखास तक्रार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांतल्या दोषांची जबाबदारी रेराप्रमाणे बिल्डरची असते, पण देखभालीचा करार चुकवला असेल तर तो तेच कारण पुढे करतो. करार खंडू देऊ नका.

विजेच्या गाडीसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सोडलेली वायर एक दिवसही चालू देऊ नका. घरगुती चार्जिंगला १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग लागतं. ७ किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअरची वेगळी लाइन लागते. त्यासाठी महावितरणचं वेगळं मीटर किंवा सभासदाच्या मीटरवरून बंदिस्त पाइपमधून केबल, हे दोनच रस्ते ठरावात ठेवा. सोडत दरवर्षी बदलत असेल तर चार्जर लावलेली जागा त्या सभासदाकडे किती वर्षं राहील हे त्याने पैसे खर्च करण्याआधीच लिहून द्या.